व्हिजिटचा रकाना

चर्चचा पाळक रिटायर होतो म्हणजे नक्की काय होतं हे लोकांना सांगणं अवघड जातं. सरकारी नोकरीत ऑर्डर निघते, सेंड ऑफ होतो, पेन्शन चालू होते आणि दुसऱ्या दिवसापासून ऑफिसचा संबंध संपतो. आमच्याकडे निरोपाची उपासना झाली, मंडळीनं शाल दिली, प्रेमानं पाकीट दिलं, पार्सनेजच्या, म्हणजे पाळकाच्या घराच्या, किल्ल्या मी नव्या पास्टरच्या हातात दिल्या आणि आम्ही दोघं सिडकोत मुलाच्या घराजवळ दोन खोल्यांत राहायला आलो, पण फोन काही थांबला नाही. कुणाची आई सिव्हिलला ॲडमिट आहे, कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणारेत, कुणाला नुसतंच बोलायचंय. मी प्रत्येकाला आधी विचारतो, नव्या पास्टरना कळवलंत का? रिटायर्ड पाळकाला एक शिस्त पाळावी लागते, बाप्तिस्मा, लग्न, माती हे आता त्यांचं काम, त्यांनी बोलावलं तरच आपण पुढं व्हायचं, नाहीतर आपल्या बाकावर बसून गाणी म्हणायची. नवे पास्टर चांगले आहेत, तरुण आहेत, अभ्यास दांडगा आहे, आणि मी रोज सकाळी त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करतो.

मध्यंतरी युवक संघाच्या मुलांनी मला सेवेचे अनुभव सांगायला बोलावलं होतं. बोलून झाल्यावर एका मुलानं विचारलं, पास्टर, तुमच्या सगळ्या सेवेत टोटल किती आत्मे जिंकले असतील? म्हणजे किती लोकांना ख्रिस्ताच्या विश्वासात आणलं. मुलगा चांगला आहे, त्यानं मनापासून विचारलं. आम्ही इव्हँजेलिकल मंडळीवाले, आमच्यात हा प्रश्न पहिल्यापासून विचारला जातो, मीसुद्धा त्या वयात मोठ्या पाळकांना विचारलाय. दरवर्षी मार्चमध्ये कमिटीला रिपोर्ट द्यायचा असायचा, त्यात रकाने ठरलेले, नवीन सभासद किती, बाप्तिस्मे किती, उपासनेला सरासरी उपस्थिती किती, संडे स्कूलची मुलं किती, दानार्पण किती. मी ते सगळं इमानदारीनं भरायचो. पण मी आयुष्यात जे सगळ्यात जास्त केलं त्याला त्या कागदावर रकानाच नव्हता, ते म्हणजे व्हिजिट. लोकांच्या घरी जाणं आणि बसणं. त्या मुलाला मी तेव्हा थोडक्यात उत्तर दिलं, पण घरी आल्यावर वाटलं की हे नीट लिहून काढलं पाहिजे.

थोडं मागून सुरुवात करतो. आमचं मूळ गाव येवल्याकडचं. आजोबांचा बाप्तिस्मा मिशनच्या काळात झालेला. आजोबांचे धाकटे भाऊ १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेत होते, जिथं बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि १९५६ ला त्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. त्यामुळे आमचं घराणं आजही दोन ठिकाणी वाटलेलं आहे, अर्धे लोक बौद्ध, अर्धे ख्रिस्ती, आणि लग्नाकार्यात सगळे एकत्र. चुलत आजोबा आजोबांना म्हणायचे, तू आधी निघालास, मी नंतर निघालो, बाहेर पडलो दोघंही. लहानपणी ओट्यावर बसून मी त्या दोघांचे वाद ऐकलेत, आवाज चढायचे, आणि जेवायला मात्र एकाच ताटात बसायचे. दुसऱ्याच्या श्रद्धेशी बोलताना आपली सोडायची नसते आणि त्याची तुडवायची नसते हे मी त्या ओट्यावर शिकलो, पाळकाचं शिक्षण घ्यायला सेमिनरीत फार नंतर गेलो.

वडील शाळामास्तर. त्यांची बदली झाली आणि आम्ही नाशिकला आलो, शरणपूरच्या आसपास राहिलो. आज शरणपूर रोड म्हटलं की लोकांना शोरूम आणि हॉटेलं आठवतात, पण हे मुळात १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसवलेलं ख्रिस्ती गाव. आणि इथंच आफ्रिकन मुलांचं आश्रयस्थान होतं, अरबी समुद्रात गुलामांची गलबतं इंग्रजांचं आरमार पकडायचं आणि त्यातून सुटलेली मुलं इथं आणली जायची, त्यांना लिहायला-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम असं हातचं काम शिकवायचे. त्यातला एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी आणि संशोधक डॉ. लिव्हिंगस्टन १ मे १८७३ ला आजच्या झांबियात वारले, तेव्हा त्यांच्या माणसांनी त्यांचं हृदय तिथं झाडाखाली पुरलं, ते पुरताना प्रार्थना वाचली ती या नाशिकला शिकलेल्या जेकबनं, झाडावर अक्षरं कोरली तीही त्यानंच. मग लिव्हिंगस्टनचे सोबती चुमा आणि सुसी, जेकब आणि बाकीच्यांनी ते शरीर वाळवून, गुंडाळून, खांद्यावर घेऊन हजार मैलांहून जास्त अंतर चालत समुद्रापर्यंत आणलं, फेब्रुवारी १८७४ उजाडला पोहोचायला. वाटेत आजार होते, वैरी टोळ्या होत्या. पुढं प्राइस पूर्व आफ्रिकेत गेले आणि मोंबासाजवळ फ्रीअरटाउन वसलं, त्यात नाशिकहून गेलेली माणसं होती.

ही हकिगत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कॉलेजात होतो आणि मला त्यातलं एकच लागलं, की या माणसांनी कुणाला काही पटवून दिलं नाही, त्यांनी उचललं आणि चालले. जगात नाव लिव्हिंगस्टनचं झालं ते ठीक आहे. पण नाशिकच्या ख्रिस्ती माणसानं कुणाचा वारसा सांगायचा असेल तर मी जेकब वेनराइटचा सांगेन, आणि आमच्या संडे स्कूलच्या मुलांना हे नाव माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझा नवा जन्म एका सुवार्ता सभेत झाला, मंडप होता, पेट्रोमॅक्सचा उजेड होता, मी मॅट्रिकला होतो. मी पुढं गेलो, गुडघ्यावर आलो, रडलो, आणि उठलो तो वेगळा होऊन उठलो, हे मी तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो. त्या रात्रीची तारीख माझ्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेली आहे. पुढं ७० च्या दशकात यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरीत गेलो, ती तेव्हा यवतमाळलाच होती, १९८३ ला पुण्याला बिबवेवाडीत आली. विदर्भाचा उन्हाळा, देशभरातून आलेली मुलं, नागालँडची, केरळची, आंध्रची, शिकवणं इंग्रजीतून, ग्रीकची धातुरूपं पाठ करायची, आणि प्रवचनशास्त्राचा तास. तीन मुद्दे, उदाहरण, आवाहन. मला ते चांगलं जमायचं. मी चांगला बोलतो असं सगळे म्हणायचे आणि मलाही संदेश द्यायला मनापासून आवडायचं, अजून आवडतं.

लग्न झालं आणि बायको घरात आली ती तारीख नसलेली. म्हणजे असं, आमच्यात साक्ष देताना विचारतात, तुझं तारण कधी झालं? ही म्हणायची, मला नाही सांगता येणार, मी आईच्या मांडीवर असताना जी प्रार्थना ऐकली तीच करत मोठी झाले, मधे कुठं दार उघडलं ते माहीत नाही. काही मोठ्या भावांनी तिला उपासप्रार्थना करून खात्री करून घ्यायला सांगितलं, तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवायला निघून गेली. तिच्या पगारावर आमचं घर चाललं हे इथं लिहायलाच पाहिजे, पाळकाच्या मानधनात दोन मुलांचं शिक्षण झालं नसतं. आणि रात्री दोन वाजता दारावर थाप पडली की लाईट आधी ती लावायची.

नाशिकच्या माणसाला या बाबतीत लक्ष्मीबाई टिळक आठवाव्यात. त्या इथल्याच, जलालपूरच्या. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, आणि लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षं एका बाईच्या मनात काय काय झालं असेल, नवरा गेला, समाज गेला, सोवळं-ओवळं कसं एकेक करून सुटलं. टिळक कवी होते, त्यांना एक क्षण सापडला असेल, लक्ष्मीबाईंना वर्षं लागली. त्यांची श्रद्धा काही कमी प्रतीची होती का? आमच्या मंडळ्यांत आजही कुणाची माती असली की टिळकांची गाणी म्हटली जातात, आणि ती म्हणताना मला बरेचदा लक्ष्मीबाईच जास्त जवळच्या वाटतात. नवा जन्म लागतोच, योहानाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभूनं निकदेमाला सांगितलंय ते मी बदलणारा कोण. पण बाळंतपण कुणाचं तासाभरात होतं, कुणाला दोन दिवस लागतात, आणि जवळ बसून राहणारं माणूस लागतं दोघींनाही.

तर ते बसणं. सुरुवातीला सायकल होती, मग लूना, मग सेकंड हँड स्कूटर. मंडळी सगळीकडे पसरलेली, नाशिकरोडला प्रेसमध्ये कामाला असलेली कुटुंबं, नोटप्रेस आणि सिक्युरिटी प्रेस, सातपूर-अंबडला एमआयडीसीतली पोरं, देवळाली कॅम्पात काही, पंचवटीत दोन घरं. व्हिजिटचं टाइमटेबल कंपनीच्या शिफ्टवर ठरायचं, फर्स्ट शिफ्टवाला चार वाजता घरी भेटणार, सेकंडवाला सकाळी दहाला, नाईटवाल्याच्या घरी दुपारी जायचंच नाही कारण तो झोपलेला असतो आणि बायको उगीच उठवते. हे सेमिनरीत कुणी शिकवत नाही.

आणि एक गोष्ट लक्षात आली की पहिल्या अर्ध्या तासात कुणीही खरं बोलत नाही. बसा पास्टर, चहा घ्या, पोरगं कसं शिकतंय, सगळं प्रभूच्या कृपेनं बरं चाललंय. मग एक शास्त्रपाठ, एक प्रार्थना, आणि पाळक उठतो. मीही बरीच वर्षं असाच उठत होतो कारण पुढची घरं असायची. पण कधी पाऊस लागला आणि उठता आलं नाही, कधी सायकल पंक्चर झाली, तर बाई ओट्यापाशी भांडी घासता घासता पाठमोरीच बोलायला लागायची, पास्टर, ह्यांनी व्हीआरएसचे पैसे कुठं घातले मला माहीतच नाही. पाठमोरी, कारण तोंडावर बोलता येत नाही. सातपूरला कंपन्या बंद पडत होत्या त्या काळात हे मी कितीतरी घरांत ऐकलं. नवरा रोज डबा घेऊन वेळेवर बाहेर पडतोय आणि दिवसभर गोदावरीच्या घाटावर बसून परत येतोय, घरात कुणाला पत्ता नाही की काम सुटलंय. अशा माणसाशेजारी मी घाटावर जाऊन बसलोय, रामकुंडाच्या अलीकडे. आम्ही दोघं गप्प, समोर लोक पिंडदान करतायत. त्याच्या डब्यातली चपाती-भाजी आम्ही वाटून खाल्ली. त्यानं दोन आठवड्यांनी बायकोला सांगितलं. रविवारच्या संदेशात मी बेकारीवर तीन मुद्दे मांडले असते तर तो कदाचित त्या रविवारी आलाच नसता.

आता सुरगाण्याकडचं सांगतो, ते माझ्या काळजाजवळचं आहे. पेठ-सुरगाणा भागात कोकणा, वारली, महादेव कोळी लोकांच्या वस्त्या, त्यात विश्वासणाऱ्यांची छोटी छोटी मंडळं, कुडाच्या भिंतीचं प्रार्थनाघर. नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून एसटीनं जायचं, पुढं चालायचं, पावसाळ्यात ओढे भरले की अलीकडेच थांबायचं. तिथं नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं समोर येतं आणि त्याला नाही म्हणायचं नसतं. मी महिन्याला एकदा जायचो. पण दिवाळी झाली की गावं रिकामी व्हायची, घरात फक्त म्हातारी माणसं आणि कुत्री. सगळे द्राक्षाच्या कामाला दिंडोरी, निफाडकडे. ऑक्टोबर छाटणीपासून सुरू होतं, मग विरळणी, डिपिंग, मग माल निघेपर्यंत मार्च-एप्रिल. मुकादमाची उचल घेतलेली असते, टोळी करून जातात, पोरंबाळं बरोबर.

पहिल्या वर्षी मी रिपोर्टमध्ये लिहिलं, नोव्हेंबर ते एप्रिल उपस्थिती शून्य. कमिटीत चर्चा झाली की तिथलं काम बंद करावं का. मी गावातल्या एका म्हातारबांना विचारलं तर ते म्हणाले, मंडळी गेली म्हणून काय झालं पास्टर, ती हाय ना दिंडोरीला. एवढं सरळ. मग मी दिंडोरीला जायला लागलो. मळ्यात पत्र्याचं शेड, बाहेर तीन दगडांची चूल, दिवसभर औषधाच्या पाण्यात घड बुडवून बायकांच्या हातांची सालं निघालेली. रविवारची सुट्टी नसते, बाजाराच्या दिवशी खाडा असतो, तोही अर्धा. म्हणून रात्री जेवणं झाल्यावर आठ-साडेआठला प्रार्थना, एक बल्ब, खंजिरी, पोरं मांडीवर झोपलेली. काही बागाईतदार आधी संशयानं बघायचे, हा कोण माणूस रात्रीचा येतो म्हणून, मी पहिल्यांदा त्यांच्याच ओट्यावर जाऊन ओळख सांगायचो. एक मराठा शेतकरी तर पुढं स्वतः खुर्ची टाकून बसायला लागले, म्हणाले आमच्याकडं सप्ताहात असंच असतं, फक्त वीणा असते. प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या रात्री मी द्राक्षरस घेऊन जायचो आणि बायका विचारायच्या, हा कुठल्या मळ्याचा? त्यांचेच हात लागलेले असायचे त्या फळाला. प्रभुभोजनावर मी पुष्कळ वाचलंय, पण त्या सालं निघालेल्या हातांत तो लहानसा पेला दिला की माझ्याच्यानं पुढचं वाक्य वाचवत नसे.

१९९८ च्या नाताळात पलीकडे गुजरातच्या डांगमध्ये प्रार्थनास्थळं जाळली गेली. सुरगाण्याच्या लोकांची सोयरीक डांगात, इकडची पोरगी तिकडे, तिकडची इकडे, त्यामुळे पेपरात येण्याआधी बातमी आली. पुढच्या महिन्यात ओडिशात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत जाळली. त्या दिवसांत मला शहरातल्या चांगल्या लोकांनी सांगितलं, पास्टर, थोडे दिवस जाऊ नका. मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, ते लोक तिथंच राहतायत ना? मग मी गेलो. तिथं मोठं काही घडलं नाही, लोक घाबरलेले होते, शेजारच्या वस्तीतले बिगरख्रिस्ती लोक रात्री शेकोटी करून आमच्याबरोबर बसले, एवढंच. मोठं काही घडलं नाही म्हणून कुणी लिहिलं नाही, पण ती शेकोटी माझ्या हिशेबात फार मोठी आहे. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्सबाईंनी मारणाऱ्यांना क्षमा केली हे तिथल्या बायकांना मी सांगितलं तेव्हा एक बाई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, तिला रात्री झोप लागत असेल का? मला वाटतं क्षमेवर त्याहून खरा प्रश्न मी कुठं ऐकला नाही.

शहरातलं एक दुःख वेगळं आहे आणि ते कागदाचं आहे. अनुसूचित जातींचा १९५० चा जो राष्ट्रपतींचा आदेश आहे त्यात हिंदूंशिवाय इतरांना धरलं नव्हतं, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेरच. २००७ ला रंगनाथ मिश्रा आयोगानं धर्माची अट काढावी असं सांगितलं, त्यालाही किती वर्षं झाली. आदिवासींना ही अट नाही, म्हणून सुरगाण्यात हा प्रश्न येत नाही, पण सातपूरच्या झोपडपट्टीत घराघरात येतो. गावानं जात विचारणं सोडलेलं नसतं, विहिरीवर, भाड्याच्या खोलीसाठी, लग्नात, सगळीकडे ती चिकटलेली, फक्त सवलतीच्या कागदावर ती नाही. मग काय होतं, माणूस येशूवर विश्वास ठेवतो, दर रविवारी येतो, प्रार्थना करतो, पोरांना संडे स्कूलला घालतो, पण बाप्तिस्मा घेत नाही, कारण मुलीची स्कॉलरशिप जाईल. आणि बाप्तिस्मा नाही म्हणून प्रभुभोजन नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट फिरायचं आणि शेवटच्या बाकांवरचे लोक ते हातात न घेता पुढं द्यायचे. काही जण वीस-वीस वर्षं असे बसलेत. मी पुढून ते बघत उभा असायचो. सभासदांच्या रकान्यात ते नव्हते, पण उन्हाळ्यात पाण्याचे माठ तेच भरायचे, मातीला खड्डा खणायला तेच पुढं असायचे. माझ्या दृष्टीनं ती माझी मंडळी होती आणि आहे. जे सरकार या माणसांना देव आणि पोरीचं शिक्षण यातलं एक निवडायला लावतं त्यानं हे बदललं पाहिजे, आणि जे ख्रिस्ती लोक त्यांना अर्धवट विश्वासाचे म्हणतात त्यांनी एकदा त्यांच्या घरी जाऊन यावं.

प्रार्थनेबद्दल लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. मंडळीतल्या एका कुटुंबात मुलगा आजारी पडला, रक्ताचा कॅन्सर, सात वर्षांचा. मुंबईला टाटाला नेलं. आम्ही साखळीप्रार्थना लावली, रात्रंदिवस, लोकांनी कामावरून येऊन पाळ्या केल्या, उपास केले. मला खात्री होती. तो गेला. शुक्रवारी माती झाली आणि रविवारी मला संदेश द्यायचा होता. रात्री मी कागद घेऊन बसलो, रोमकरांस आठवा अध्याय उघडला, सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात ते वचन, आणि ते खरं आहे हे मी मानतो, पण त्या आईसमोर त्या रविवारी ते उच्चारणं मला शक्य नव्हतं. मी ८८ वं स्तोत्र वाचलं. बाकीची विलापाची स्तोत्रं शेवटी कुठंतरी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, ते अंधारातच संपतं. मी म्हटलं, हे पवित्र शास्त्रात आहे, देवानं ते आपल्या पुस्तकात राहू दिलंय, आणि खाली बसलो. संदेश नाहीच. काही लोकांना ते आवडलं नाही, विश्वासात कमी पडलं असं कानावर आलं. त्या मुलाच्या घरी मी नंतर किती वेळा गेलो मोजलं नाही. आई देवावर चिडायची, माझ्यावर चिडायची, मी ऐकायचो. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी प्रभूला ठाऊक होतं की पाच मिनिटांत हा उठणार, तरी तो आधी रडला. मला उठवता येत नाही, त्यामुळे मला रडणं तरी चुकवता येत नाही.

माझा विश्वास त्यानंतर गेला नाही. लोक विचारतात म्हणून सांगतो. तो पूर्वीसारखा बोलका मात्र राहिला नाही. आधी मी प्रार्थनेत देवाला बरंच काही समजावून सांगायचो, आता नावं घेतो, एकेक नाव, आणि थांबतो.

हल्ली सिडकोत, अंबडला हॉल भाड्यानं घेऊन नव्या मंडळ्या निघाल्यात, ड्रम्स, कीबोर्ड, प्रार्थनेनं आजार बरे करायच्या चंगाई सभा, यूट्यूबवर लाईव्ह. जुने लोक नाक मुरडतात, मी मुरडत नाही, कारण तिथं दारू सुटलेली माणसं मी पाहिलीत आणि त्यांच्या बायकांचे चेहरे पाहिलेत. पण एक गोष्ट मी ठामपणे सांगतो, प्रार्थना झाली म्हणून शुगरच्या गोळ्या बंद करा असं जो सांगतो त्यानं पुढं त्या माणसाचा पाय कापला जाताना हॉस्पिटलात येऊन बसायची तयारी ठेवावी. स्टेजवरचा माणूस सहसा तिथं नसतो, त्याची पुढची सभा दुसऱ्या गावाला असते.

आणि २०२१ चा एप्रिल. आयुष्यभर जे केलं नेमकं तेच करायला बंदी. नाशिकला बेड नव्हते, ऑक्सिजन नव्हता, लोक फोन करत होते आणि मी घरात, वय झालेलं, मुलगा दाराला उभा राहायचा की पप्पा, बाहेर जायचं नाही. मी फोनवर प्रार्थना करायचो, कधी नर्स व्हॉट्सॲप कॉल लावून पेशंटच्या कानाशी फोन धरायची, मला नुसता मशीनचा आवाज ऐकू यायचा आणि मी तेविसावं स्तोत्र म्हणायचो, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. ऐकलं का नाही कळायचं नाही. मातीला चार माणसं, तीही प्लॅस्टिकच्या पोशाखात, एकदा मी कब्रस्तानाच्या गेटबाहेर रिक्षात बसून विधी वाचला. त्या महिन्यात मला पक्कं समजलं की शब्द एकटे फार लांब जात नाहीत, त्यांच्याबरोबर माणूस जावा लागतो.

त्याच लाटेत आमच्या एका जुन्या डीकनची, म्हणजे मंडळीच्या कामाची जबाबदारी घेतलेल्या सेवकाची, बायको गेली. ते प्रेसमधून रिटायर झालेले, माझ्याच वयाचे, संडे स्कूल त्यांनी कित्येक वर्षं चालवलं, अर्धी मंडळी त्यांच्या हाताखाली वचनं पाठ करून मोठी झाली. बायको गेल्यावर त्यांनी चर्च सोडलं. मला स्पष्ट म्हणाले, पास्टर, तुम्ही यायचं असेल तर या, पण माझ्या घरात प्रार्थना करायची नाही, माझं त्याच्याशी बोलणं बंद आहे. मी बरं म्हटलं. मी दर गुरुवारी दुपारी रिक्षानं नाशिकरोडला जातो. त्यांची नजर अधू झालीय, मी देशदूत वाचून दाखवतो, आधी कांद्याचा भाव, मग शहरातलं, मग मृत्यूच्या बातम्या. चहा मी करतो कारण त्यांच्याच्यानं गॅस नीट दिसत नाही. आम्ही जुन्या संडे स्कूलच्या पोरांची नावं काढतो, कोण कुठं असतो, कोण दुबईला गेला. काही जण मला म्हणतात, पास्टर, त्यांना वचन सांगा, वेळ थोडा आहे. त्यांना सगळी वचनं माझ्याआधीपासून पाठ आहेत, मी काय सांगणार. प्रार्थना मी रिक्षात करतो, जाताना आणि येताना.

मागच्या वेळी निघताना ते म्हणाले, पुढच्या गुरुवारी जरा लवकर या, सून तीनला कामावर जाते आणि मग डोळ्यात थेंब टाकायला कुणी नसतं.

तेव्हा ज्यांनी ज्यांनी कन्व्हेन्शनला, महिला मेळाव्याला, वर्धापनदिनाला संदेश द्यायला बोलावलंय त्या सगळ्यांना प्रेमपूर्वक कळवतो, मी येईन, आनंदानं येईन, फक्त गुरुवार सोडून कुठलाही वार ठरवा.